सटायव्हस आणि काळा दोरा

चोपड्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. मेच्या सुट्टीत सातपुड्याच्या पायथ्याशी, आईकडे गेले आणि तिचं बियाण्याचं गाठोडं सोडलं. राख लावलेल्या बिया, चिंध्यांच्या पुरचुंड्या, नाव कशावरच नाही. सगळं बरण्यांत भरून चिठ्ठ्या चिकटवल्या. काकडीच्या तीन पुरचुंड्या होत्या. तिन्हींचं शास्त्रीय नाव एकच, क्युक्युमिस सटायव्हस. म्हणून एकाच बरणीत ओतल्या. चिंध्या चुलीत घातल्या.

आई शेतातून आली. "मनी काया दोरानी पुरचुंडी कोठे शे वं?"

काळा दोरा तिच्या माहेरच्या काकडीचा होता. तिकडे आता ती कुणी लावत नाही. शेवटच्या दोन-चार बिया उरल्या होत्या, त्या आईकडेच.

मी बरणी पुढे केली. "नाव लिहिलंय ना. सटायव्हस. लॅटिनमधल्या 'पेरणे'वरून आलंय. रानात आपोआप उगवलेला नव्हे, माणसानं पेरलेला."

"हाई ते मनी गायले बी माहीत शे," आईनं गोठ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी ओसरीत पडले, पण डोळा लागेना. मिटल्या डोळ्यांपुढे पाठ केलेली लॅटिन रूपं तरंगत होती. काकडीला सटायव्हस, भाताला सटायव्हा, लसणाला सटायव्हम. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. मग सटायव्ही, पेरलेल्याचं; सटायव्हो, पेरलेल्याला. एकेक रूप काकडीच्या वेलीच्या तणाव्यासारखं कौलांकडे चढत गेलं, आणि वर कुठेतरी आईचं माहेर होतं, हिरवं, न पाहिलेलं.

"पेरी टाक बठ्ठं," आई म्हणाली. "काकडी लागनी का समजी."

पावसाळ्यात कुंपणालगत, एका आळ्यात एकच असं, सगळं बी टोकलं. बरणीत एकही ठेवलं नाही. आळ्यांना मी नंबर दिले आणि दर रविवारी वही घेऊन जाऊ लागले. काकड्या धरल्या तशी आई एकेक चाखायची. "हाई बाजारनी." पुढच्या आळ्याशी, "हाई शेजारनीनी. कडू, तिना तोंडसारखी."

फाटकाजवळचं शेवटचं आळं उरलं. काकडी आखूड, फिकट, पांढऱ्या रेघेची. आईनं तुकडा तोंडात टाकला आणि उभीच राहिली. चावणं थांबलं तरी ती गिळेना.

"हाईच," ती म्हणाली.

कनवटीला खोचलेला नवा काळा दोरा काढून तिनं वेलावरच्या दुसऱ्या काकडीच्या देठाला सैलसर बांधला. ही बियाण्याची, पिवळी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

वहीत त्या आळ्यापुढे काय लिहावं सुचेना. मी हात पुढे केला. आईनं उरलेला दोरा दातानं तोडून दिला, तो मी त्या ओळीवर चिकटवला.