दोन वाजताची कबुली

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखोरीची भाजी खुडत बसले होते. सकाळची ड्युटी करून घरी येऊन तासभर झाला असेल. वॉर्डातली शकुंतला आया एवढंच म्हणाली, "सिस्टर, रामटेकेबाई गेल्या." मी बरं म्हटलं, उरलेली भाजी खुडली, धुतली, फोडणीला टाकली. कोणाचा फोन होता म्हणून नवऱ्याने विचारलं, तर ते दोन शब्द सांगायला मला बराच वेळ लागला. रडू आलं नाही. महिना होत आला, अजूनही आलेलं नाही... याचं काय करावं ते कळत नाही.

रामटेकेबाई आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, अर्धा स्टाफ तिकडे गेला, त्यानंतरच्या ओढाताणीत मी कोंढ्याहून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवीन रुजू झाले. बाई अड्याळच्या. जीभ तिखट. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर चारचौघांत पाणउतारा करायच्या. जेवण झालं की चादरींच्या खोलीत पंधरा मिनिटं घोरायच्या, आणि कोणी उठवलं तर दिवसभर फुगून बसायच्या. देवी वगैरे काही नव्हत्या. पण दुसऱ्या वॉर्डातल्या पोरी आमच्याकडे बदली मागायच्या, आणि आमच्यातली एकही बाहेर जायला तयार नसायची.

त्याचं कारण दुपारचे दोन. सकाळची पाळी संपताना सगळ्या जणी टेबलाभोवती उभ्या राहायच्या, आणि पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देण्याआधी प्रत्येकीने त्या दिवशी आपलं काय चुकलं ते सांगायचं. सुरुवात बाईंची. "पयले माहं ऐका," म्हणायच्या, आणि स्वतःची चूक सांगून मोकळ्या. मग आम्ही. तोंडाने सांगितलेली चूक कागदावर जाणार नाही, हा त्यांचा शब्द होता. बाकीचा दवाखाना आम्हाला भजनी मंडळ म्हणून चिडवायचा. चिडवेनात का!

पहिल्याच उन्हाळ्यात मी सात नंबरच्या बाईचं इन्सुलिन आठ नंबरच्या बाईला टोचलं. त्या दोघी नणंद-भावजय. पंखा आठ नंबरवर नीट लागायचा, म्हणून मी ट्रे भरायला गेले तेवढ्यात त्यांनी आपसात खाटा बदलल्या, आणि मी नाव न विचारता खाटेचा नंबर पाहिला. लक्षात आलं तेव्हा दोन वाजायची वाट न बघता मी सरळ बाईंकडे गेले. साखरेचं पाणी, सलाईन, डॉक्टर, सगळं दहा मिनिटांत झालं आणि ती पेशंट वाचली. डॉक्टर भडकले तेव्हा रामटेकेबाई पुढे झाल्या, "माह्या वॉर्डात झालं, मले बोला," म्हणाल्या. मला त्यांनी नंतर एका शब्दानेही टोकलं नाही. त्या दिवसापासून मी नाव विचारल्याशिवाय सुई उचललेली नाही.

बाई रिटायर झाल्या, खुर्ची माझ्याकडे आली. त्याच सुमाराला दवाखान्याचे नवे मुख्य साहेब आले. त्यांचा सगळा कारभार कागदावर. उशीर झाला, मेमो. सही राहिली, मेमो. दोन वाजताची आमची पद्धत त्यांना वेळेचा अपव्यय वाटली, आणि मी ती बंद केली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मेमो लिहायला मी लवकर शिकले. चार्ट चकाचक झाले, साहेबांनी मीटिंगमध्ये आमच्या वॉर्डाचं नाव घेतलं. आपल्या वॉर्डात आता चुकाच होत नाहीत, असं मी खुद्द बाईंना फोनवर सांगितलं होतं. त्या तिकडून "अस्सं," म्हणाल्या.

मग त्याच वॉर्डात बाई पेशंट म्हणून आल्या. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, दम लागायचा. एका संध्याकाळी म्हणाल्या, "संध्या, माहं दोनचं इंजेक्शन राहिलं वो." मी चार्ट पाहिला. सही होती, वेळ होती. म्हटलं, "दिलंय बाई, तुम्हाला झोपेत समजलं नसेल." चाळीस वर्षं इंजेक्शनं देण्यात घालवलेल्या बाईला मी हे सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. पल्लवी, आमची दोन वर्षांपूर्वी लागलेली सिस्टर, इंजेक्शन द्यायचं विसरली आणि मेमोच्या धाकाने सही करून मोकळी झाली होती, हे मला तिथे कळलं. "पोरगी माह्याजवळ रडून गेली," बाई म्हणाल्या. "तुह्याजवळ नाही आली." मी मेमोचं काही बोलणार, त्याआधीच त्या म्हणाल्या, "तिले कागद नोको देऊ. हे भेव तिनं घरून नाही आणलं."

चार दिवसांनी बाई गेल्या. एका इंजेक्शनाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं, ते दोनदा तेच म्हणाले. पण बाई खरं बोलत होत्या आणि मी कागद खरा मानला, हे मला गिळताही येत नव्हतं आणि कोणाला सांगताही येत नव्हतं.

तेराव्या दिवसानंतर मी दोन वाजता पोरींना थांबवलं आणि हेच सांगितलं, पल्लवीचं नाव न घेता. दुसऱ्या दिवशी माझी दुसरी चूक सांगितली, तिसऱ्या दिवशी तिसरी. चुकांची काही कमी नाही. पोरी ऐकून घेतात, मग एखादी हळूच विचारते, जाऊ का सिस्टर? मी हो म्हणते. साहेबांनीही बोलावून विचारलं, हे काय नवीन. नवीन नाही, एवढंच मी सांगितलं.

काल सगळ्या गेल्यावर पल्लवी मागे राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सिस्टर, लिहून तर नाही घेणार नं?"

"नाही," मी म्हटलं.

तिने ओढणीचं टोक सोडलं आणि "उद्या सांगते," म्हणून निघून गेली.

आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे. दीड वाजलाय. मी निघते आहे.