बाबूजी आले की उठायचं

लेखकाला फार तर चष्मा लागतो, असं लोकांना वाटतं. आखडलेली मान, बसून बसून सुटलेलं पोट, एवढं माझंही झालं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण लिहिण्यापायी हाड मोडून घेतलेला जाफराबादेत मी एकटाच असेन.

आमचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण दुकानातलं बोलणं सगळं इथलंच. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, समोर बुटकं डेस्क, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच डेस्कवर मी कादंबरी लिहितो. वाकून तासभर बसलं की पाय पार बधिर होतात. त्यात आमच्याकडची रीत अशी, की वडील गादीपाशी आले की मुलाने उठून उभं राहायचं. मुलगा पन्नाशीचा झाला तरी.

एका दुपारी मी शेवटच्या प्रकरणात बुडालो होतो. बाबूजी पायरी चढून आत आले. मी सवयीने ताडकन उठलो. पाय मात्र उठले नाहीत. गादीवरून थेट खालच्या फरशीवर पडलो, उजव्या मनगटावर.

कसं झालं, असं हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं. बायकोने खरं ते सांगून टाकलं, लिहिता लिहिता पडले. मोटारसायकलवरून पडलेले, बैलाने उडवलेले त्यांच्याकडे रोजचेच. असा पेशंट पहिलाच. प्लास्टर घालून होईपर्यंत ते हसू दाबत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, हाड जुळेल, पण पेन पूर्वीसारखं धरता येईल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. मी घाबरलो. दुकान डाव्या हातानेही चालतं, कादंबरी नाही.

बाबूजी पुन्हा गादीवर बसायला लागले. मी बाजूला बसून मोबाईलला प्रकरण सांगू लागलो. नायिकेच्या सासऱ्याला कसं मारावं हे मी मोठ्याने ठरवत असताना ब्लाउजपीस बघायला आलेली बाई काही न घेता निघून गेली. मोबाईलही भलतंच टाइप करायचा, म्हणून तो नाद सोडला. बाबूजींनी पसरलेल्या ब्लाउजपीसच्या घड्या घातल्या. माझ्या लिहिण्याबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. रिकामपणचा उद्योग, हे त्यांचं मत मला बायकोकडून कळलेलं.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. रबरी चेंडू दाबून दाबून ती हलू लागली आणि एका सकाळी दुकानात पेन धरून पाहिलं. अक्षर पहिलीतल्या पोराचं, पण उमटलं. फार आनंद झाला. एक ओळ लिहिली, मग दुसरी घेतली.

तेवढ्यात पायरीपाशी कुणीतरी खोकललं. बाबूजी होते. त्यांना खोकला बिकला काही नव्हता. आत न येता ते तिथेच थांबले होते.

"उठू नको," ते म्हणाले. "लिहून राह्यला ना तू?"

मग चपला काढून आत आले आणि गिऱ्हाइकं बसतात तिथे, सतरंजीवर, टेकले. 

"तो सासरा मेला का न्हाई मंग?"

अजून नाही, असं मी सांगितलं.

"मंग लिही."

माझे पाय त्या दिवशी बिलकुल ठीक होते. सहज उठता आलं असतं. मी बसून राहिलो आणि ओळ पूर्ण केली.