तीस दाब, दोन श्वास आणि एक फोन

माझे वडील एकदा सतरा मिनिटं मेले होते. त्यातली चार मिनिटं दहा सेकंद माझ्यामुळे.

माझी बायको सुलभा पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स आहे. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करण्याची परीक्षा त्यांना दर दोन वर्षांनी द्यावी लागते. बावीस वर्षं खऱ्या छात्या दाबलेली ही बाई त्या वर्षी रबरी पुतळ्यावर नापास झाली! शेरा होता, 'दाब उथळ, वेग कमी.' पुन्हा नापास झाली तर आयसीयू सुटणार आणि केसपेपरच्या खिडकीत बसावं लागणार, असं मेट्रनबाईंनी सांगितलं होतं.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. मोजमाप म्हटलं की माझ्या अंगात येतं.

"दाब पाच ते सहा सेंटिमीटर, वेग मिनिटाला शंभर ते एकशे वीस," मी म्हणालो. "माझ्यावर सोड."

हॉलमध्ये लोड आडवा टाकला. छातीचा मध्य अचूक सापडावा म्हणून त्याला माझ्या वडिलांचा, आप्पांचा, जुना सदरा घातला. (बटणांची ओळ बरोबर मध्यावर येते.) शेजारी स्टीलची पट्टी उभी धरली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नेरे गावची शेती सोडून आमच्याकडे आले, पण बोली तिथलीच. दारात थबकून म्हणाले, "माजा सदरा हाय ना त्यो?"

"जुना आहे, आप्पा."

"सदरा जुना हाय, मी अजून जिता हाय! सूनबाई, कमरंतून दाब गं. मारतंस का कुरवाळतंस?"

या परीक्षेत एक ठरलेला संवाद असतो. रोगी बेशुद्ध दिसला की एका माणसाकडे बोट दाखवायचं आणि त्याला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगायचं. तो माणूस मी. सुलभा ओरडायची, "फोन करा!" मी म्हणायचो, "केला!" खरा फोन अर्थातच करायचा नव्हता. लोडासाठी कोण ॲम्ब्युलन्स पाठवणार? अकरा दिवस, रोज चार फेऱ्या, म्हणजे चव्वेचाळीस वेळा मी "केला!" म्हणालो. शेवटी शेवटी तिचं "फो..." निघेपर्यंत माझं "केला!" येऊन जायचं. वेग एकशे बारावर आला, दाब साडेपाचवर. मी तक्ता करून फ्रिजवर लावला.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, आप्पा म्हणाले, "छातीत जलतंय रं, दत्ता."

"काल करंजा बंदरावरची सुकट दोन वाट्या खाल्लीत. मोजल्यात मी."

त्यांना सोडा पाजला. सुलभा आंघोळीला गेली होती. घरात हृदयाची नर्स आहे, तिला सांगावं, हे मला सुचलं नाही. ती आली, आम्ही सराव सुरू केला. दुसऱ्या फेरीला, खुर्चीत बसून बघणारे आप्पा हळूच पुढे कलले आणि लोडाशेजारी पडले. सदऱ्याशेजारी सदऱ्याचा मालक.

सुलभाने लोड लाथेने उडवला. हाक मारली, श्वास पाहिला, मान चाचपली आणि दाबायला लागली.

"फोन करा!"

"केला!"

माझा आवाज इतका खात्रीचा होता की माझासुद्धा विश्वास बसला.

"मोजा!"

"एक, दोन, तीन..." सातव्याला कट्‌ असा आवाज झाला. "अगं, बरगडी!"

"माहितेय! मोजा!"

"दाब साडेचारच वाटतोय..."

"अहो, ती पट्टी ठेवा!"

एका हातात खरोखरच पट्टी होती. दुसऱ्यात मोबाइल, पहिल्या दाबाला सवयीने शून्यापासून लावलेलं स्टॉपवॉच चालू. तीस दाब, दोन श्वास. तीस दाब, दोन श्वास. आप्पांचे ओठ निळे पडत चालले होते आणि मी आकडे म्हणत होतो.

आरडाओरडा ऐकून समोरचे मुकादमचाचा धावत आले. वीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परतलेला शांत माणूस.

"या अल्ला! गाडी कुठवर आली?"

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"ॲम्ब्युलन्स, भाई! बोलावली ना?"

सुलभाने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. ती नजर मोजायचं माप माझ्याकडे नाही.

मोबाइल हातातच होता. चार मिनिटं दहा सेकंद. फोन लावण्याआधी मी स्टॉपवॉच थांबवून आकडा पाहून ठेवला, हेही लिहितो. आता लपवून काय उपयोग?

गाडी अकरा मिनिटांत आली. जिने चढून यंत्राचा शॉक द्यायला आणखी दोन. तोवर सुलभा दाबत राहिली, चाचा मोजत राहिले. (मला त्या कामावरून काढलं होतं.) पहिल्याच शॉकला आप्पांचं हृदय चालू झालं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "ॲम्ब्युलन्स बोलवायला किती उशीर झाला? अंदाजे."

"चार मिनिटं दहा सेकंद."

"इतकं अचूक? कोणी मोजलं?"

"मी."

"आणि तेवढ्या वेळात तुम्ही काय करत होता?"

"मोजत होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

आप्पा एकोणीस दिवसांनी घरी आले. तुटलेल्या चार बरगड्या जुळल्या. उजवा हात मात्र थरथरत राहिला आणि ताज्या गोष्टी पुसल्या जायला लागल्या. वेळेत फोन झाला असता तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते 'काही फरक पडला नसता' म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

सुलभा पुढच्या खेपेला पास झाली. परीक्षकाने विचारलं, "मदतनीस म्हणाला, फोन केला. पुढे?"

"त्याचा मोबाइल बघायचा," ती म्हणाली.

"हे पुस्तकात नाही, सिस्टर."

"माझा मदतनीसही पुस्तकात नाही, सर."

आता आप्पांच्या गोळ्या मी देतो. सकाळी तीन, संध्याकाळी दोन; तक्ता फ्रिजवर, जुन्याच्याच जागी. जेवले की नाही हे आप्पा विसरतात, पण चाचांनी सांगितलेली फोनची गोष्ट तेवढी विसरत नाहीत.

परवा विचारलं, "दत्ता, संध्याकालची गोली दिलीस?"

"दिली!" मी तक्त्यावर खूण करत म्हणालो.

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "याची मूठ उघडून बघ गं."

सुलभाने उघडली. दोन्ही गोळ्या मुठीतच होत्या.