हंडी न पाहिलेली बेसकाकी

बेसकाकीने जन्मात एकही हंडी फुटताना पाहिली नव्हती. हे सांगून कुणाला खरं वाटत नाही, कारण घोडपदेवच्या आमच्या मुलींच्या गोविंदा पथकाची ती सर्वेसर्वा. पण पथकात तिची जागा सगळ्यांत खालच्या थरात, म्हणजे बेसला. तिथे खांद्याला खांदा भिडवून, मान खाली घालून उभं राहायचं असतं. वर पाहिलं की मान हलते, मान हलली की खांदा हलतो आणि मग वरच्यांचं काय होतं ते विचारू नये. त्यामुळे हंडी फुटल्याचं काकीला कळायचं ते डोक्यावर दही पडल्यावर. "माका वास येता ना गो, तेवढा पुरे," म्हणत ती टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसायची.

तसा तिचा दिवसही मान खाली घालूनच जायचा. हिंदमाताच्या दुकानांतल्या साड्यांना ती घरी फॉल-बिडिंग करून द्यायची. पण मान खाली म्हणून आवाज खाली नव्हे! चाळीच्या पटांगणातून तिने "पोरींनोऽ" अशी हाक दिली की पोरी तर यायच्याच, वरच्या मजल्यावरचे दोन-चार बाप्येही दचकून चपला शोधायला लागायचे.

जमलेल्या पोरींना ती लगेच चढवायची नाही. आधी गोल करून बसवायची आणि आज आपण कुठे कच्च्या आहोत ते प्रत्येकीने मोठ्याने सांगायचं. सुरुवात स्वतःपासून. "माझा डावा गुडघा आज रुसलाय. त्यात सुनेशी वाजलंय, डोकं ठिकाणावर नाय." मग कुणाची पाळी आलेली असायची, कुणाचा इंटरव्ह्यू फसलेला, कुणाला उंचीवर गरगरायचं. नव्या मुली "काही नाही, सगळं ओके" म्हणून सुटू पाहायच्या. त्यांना त्या दिवशी चढायला मिळायचं नाही. "जिचं सगळं ओके असतं ना, तीच पयली सुटते," काकी म्हणायची.

एकदा शेजारच्या मंडळाची मुलं मोबाइल सरसावून आमचा सराव बघायला आली. आम्ही ऐटीत उभ्या. काकीने गोलात जाहीर केलं, "आज मी बेसला नको. डोक्यात राग आहे, माझा खांदा खोटं बोलेल." आणि ती सरळ बाजूला जाऊन पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. मुलं हसली. आम्हाला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र मजेत शेंगदाणे खात होती. आज मला वाटतं, पथकाची खरी म्होरकी त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली.

मग त्या रुसलेल्या गुडघ्याने कायमचाच असहकार पुकारला. डॉक्टरांनी वजन पेलायला बंदी केली आणि काकीने पथक माझ्या हाती दिलं. सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, सगळ्यांत आधी माझ्या. मी परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. माझा आवाज इतका बारीक की टॅक्सीवाला पत्ता दोनदा विचारतो. आमच्याच मंडळाच्या पुरुषांनी तर सांगूनच टाकलं, "काकी गेली, पथक गेलं. यंदा हंडी फुटली नाही तर पुढल्या वर्षी मुलींनी आमच्या गोविंदांना पाणी वाटायचं."

पाणी! अंगाचा तिळपापड झाला. आणि मी काकी व्हायचं ठरवलं. सरावात दोन थर उभे असताना कमरेवर हात, छाती फुगवून "पोरींनोऽ". आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन चिरकला. खिडकीतून एक आजी म्हणाल्या, "अगं, मांजर अडकलंय का बघा कुणीतरी." पोरी फुटल्या हसत, आणि ते दोन्ही थर खाली अंथरलेल्या गादीवर आले.

काकीने खुर्चीतून खुणेने बोलावलं.

"काय गो, सुई टोचताना असंच बोंबलतेस?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"हळू बोलत राहते. बोटाने शीर चाचपते. माणूस घाबरलंय ते हाताला कळतंच."

"मग ता सोडून माझो आवाज कित्याक चोरतंस? माझो माका ऱ्हवांदे."

त्या दिवसापासून ओरडणं बंद. मी बेसला उभी राहायचे आणि खांद्यावरच्या पायाची थरथर वाचायचे. वर चढायचं असेल तर त्या पायावर थाप, उतरायचं असेल तर चिमटा. ती तिच्या वरचीला द्यायची, आणि खूण बिनबोभाट वर पोहोचायची.

गोपाळकाल्याला दादरच्या नाक्यावर डीजे असा दणाणत होता की काकीची हाकही तिथे विरली असती. आमचे चार थर लागले आणि खांद्यावरचा पाय लटपटला. चिमटा. सगळ्या शिस्तीत खाली आल्या. गर्दीने हुर्यो उडवली, मंडळाचे पुरुष एकमेकांकडे बघून हसले. मी पोरींना गोल करून बसवलं, तिथे भर रस्त्यात, आणि काकीसारखी सुरुवात स्वतःपासून केली.

"मला भीती वाटतेय. पडायची नाही, पाणी वाटायची."

पोरी खो-खो हसल्या. सगळ्यांत वर चढणारी सोनाली म्हणाली, "मला पण, ताई." मग सगळ्याच.

दुसऱ्यांदा चढलो. डोळ्यांसमोर डांबर आणि माझेच दोन पाय. खांद्यावरचा पाय आता स्थिर होता. थाप दिली. क्षणभर काहीच नाही, आणि मग मानेवर गार दही आलं. वास आला, आणि मी मान खाली घालूनच भोकाड पसरलं.

उतरल्यावर पाहिलं तर काकी फुटपाथवर, आधाराची काठी कुठे टाकलीय ते तिलाच ठाऊक नाही, तोंड आभाळाकडे. मी जाऊन तिला मिठी मारली.

"काकी, मी पाहिलीच नाही गं! कशी फुटली?"

तिने माझ्या केसांतलं दही बोटाने निपटलं, चाखलं, आणि पहिल्यांदाच ती मला कुजबुजत बोलताना ऐकू आली, "गो बाय, एवढीशीच असता ती! आणि फुटताना कसली दिसता... बस, सांगतंय."