विकलेल्या बागेतली सहल

मला बघायला आलेला मुलगा लंडनहून बॅरिस्टर होऊन आला होता, पण तोंडात सदा फ्रान्स. शिकत असताना एका सुटीत तो तिकडच्या द्राक्षांच्या गावी ऐन हंगामात राहून आला होता. तेवढ्या भांडवलावर त्यानं नागपुरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत चहा उकळला.

"तिकडे कोणी घाई करत नाही," तो आमच्याकडे सांगत होता. "सावकाश उठायचं, मळ्यात जाऊन हातानं घोस तोडायचे, दुपारी झाडाखाली पाव, चीज आणि वाइन."

"म्हणजे दारूच ना ती?" आईनं विचारलं.

"दारू नाही हो, वाइन."

आईनं पोह्यांची बशी हळूच मागे ओढली.

मग त्यानं जाहीर केलं, की मुलगी अशी पाटावर बसवून बघणं हा रानटीपणा आहे. त्याच्या वडिलांची नरखेडकडे संत्र्यांची बाग होती. तिथं सगळ्यांनी यावं, संत्री तोडावीत, निवांत गप्पा माराव्यात. मी हुरळून गेले. आधीच्या पाहुण्यांनी मला चालून दाखवायला आणि सुईत दोरा ओवायला लावलं होतं; माझ्याशी बोलावंसं वाटलेला हा पहिलाच. सहलीहून परतलो की सुपारी फोडायची, असं दोन्ही वडिलांनी परस्पर ठरवूनही टाकलं. मला विचारायची पद्धत नव्हती.

रेल्वेनं गेलो, पुढं बैलांच्या दमणीनं. झाडं पिवळ्या फळांनी वाकली होती. बॅरिस्टरसाहेबांनी हॅट मागे सारली, फ्रान्सबद्दल चार वाक्यं टाकली आणि ऐटीत हात वर केला.

"हात नका लावू गा!" गोफण घेतलेला एक रखवालदार धावत आला.

"अरे, मी मालकाचा मुलगा!"

"बाग तुमचीच हाय मालक. बहार आमच्या शेठचा हाय. फुलं होती तवाच तुमच्या बाबानं इकला."

आमच्याकडे सगळे असंच करतात. झाडं फुलली की व्यापारी येतो, अख्खा बहार विकत घेतो, आणि पुढं राखण त्याची, तोडणी त्याची, फळही त्याचं. हे सीताबर्डीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरची बाग असलेल्या बॅरिस्टरला तेवढं ठाऊक नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?" तो वडिलांवर खेकसला.

त्याचे वडील मोठे मालगुजार, गावात त्यांच्यापुढं मान वर करायची कोणाची छाती नव्हती. पण पोरापुढं म्हाताऱ्याची बोबडी वळली. "तू आल्यापासून फ्रान्स सांगून राहिला, बाबू. मले बोलाले सवडच कुठं देली?"

शेवटी भरल्या बागेत सतरंजी टाकून आम्ही नागपूरहून आणलेले धपाटे खाल्ले. संत्र्यांकडे बघत.

जेवणानंतर वडीलधारी मंडळी लवंडली. त्यानं मला खुणेनं झाडांच्या ओळीपलीकडं बोलावलं. "तिकडे पाहुणीला पहिला घोस देतात," असं म्हणून त्यानं पटकन एक संत्रं तोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. लाजले की मी! काय बाई ते वय.

तेवढ्यात रखवालदार समोर. "कोनं तोडला?"

बॅरिस्टरसाहेबांचे दोन्ही हात खिशात गेले होते. "यांना मोह झाला," ते शांतपणे म्हणाले. "बायकांचं असंच. जाऊ दे आता."

आवाजानं मंडळी उठून आली. आईनं पदर तोंडाला लावला. रखवालदार माझ्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाईमाणूस हाय." त्यानं मला माफ केलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही तोडला," मी म्हटलं. "ह्यांनी तोडून मले देला."

मग बॅरिस्टर मोठ्यांदा हसला. गंमत केली म्हणे.

संध्याकाळी स्टेशनवर त्याच्या वडिलांनी विषय काढला. "मुलगी पसंत हाये आमाले. जराशी तोंडाळ हाये, पण ते लग्नानंतर निघून जाते."

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाबा मात्र माझ्याकडं वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुले हा मुलगा पसंत हाये काय वं, माय?"

आमच्या घराण्यात हा प्रश्न कुठल्याच मुलीला कोणी केला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"एका संत्र्यासाठी?" बॅरिस्टरनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

बाबांनी मालगुजारांना हात जोडले. "मंग नाही."

गाडी आली. बायकांच्या डब्यात बसल्याबरोबर आई रडायला लागली. असं स्थळ पुन्हा येणार नाही, हे ती रडता रडता सांगत होती. मीही रडत होते. मला तो आवडला होता.