बांधातला भाऊ

नागपंचमीला जमिनीला खोरं लावायचं नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. पाण्याची पाळी नेमकी सणाच्या सकाळी आली आणि उसातला पाट फुटला. आमचे मालक तसे देवभोळे, पण वाळणारा ऊस त्यांना बघवेना. खोरं मारलं ते बसलं बांधातल्या नागाच्या पाठीवर.

मडक्यात घालून त्यांनी तो घरी आणला. शिराळ्याकडच्या माणसांना नाग धरायला शिकवावं लागत नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं, सणाच्या दिशी नागावर घाव घातलास? आता काय वाढून ठेवलंय कुणाला ठावं!"

आदल्या दिवशी मी भावाचा उपवास केला होता. नाग म्हणजे बाईचा भाऊ, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो. माझा एकुलता एक भाऊ फौजेत होता, सरहद्दीवर, आणि लढाई होणार असं जो तो म्हणत होता. हा मेला तर? पुढचं मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

आळीतल्या बाया पूजेची ताटं घेऊन आल्या. मी मडक्यापुढं आडवी उभी राहिले. "दूध नको, कुंकू नको. हळद तेवढी ठेवा."

"आन् पूजा?"

"आदी जगू द्या त्याला."

लय शहाणी आलीय, असं कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटू दे. मालकांनी काठीनं त्याचं डोकं दाबून धरलं आणि मी ती हळद तेलात कालवून जखमेवर भरली.

मडकं गोठ्यात ठेवलं. सासूबाई गोठ्याकडं फिरकेनात, धारा माझ्यावर आल्या. रोज सकाळी मी मडक्याला कान लावायची. एकदा काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी मालकांना हाक मारली. त्यांनी मडक्यावरचं फडकं जरा बाजूला केलं आणि आतून फुत्कार आला. इतकं गोड काही मी कधी ऐकलं नव्हतं.

जखम भरल्यावर आम्ही त्याला त्याच बांधावर सोडला. जिथला नाग तिथंच सोडायचा, ही आमची रीत. तो सरळ बिळात गेला. "तुज्या भावाला आता काय बी हुत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मला ते खरं वाटलं.

हिवाळ्यात लढाई झाली आणि तार आली. मी त्या बांधावर जाऊन बिळाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. तू जगलास, तू कशाला जगलास? रडू मात्र आलं नाही.

पुढच्या पंचमीच्या आदल्या दिवशी मी भाकरी घेऊन जेवायला बसले. भाऊच नाही, तर उपवास कुणाचा धरायचा? सासूबाईंनी माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं.

"उठ. हाय की एक, बांधात."

मला त्यांचा संताप आला. आणि तार आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले.