शेंदराखालचं मॉडेल

यंत्राचं मॉडेल यंत्रालाच विचारावं, मालकाला विचारू नये. हे शहाणपण मला आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनानं शिकवलं, आणि तेही हळद वाळायला लागल्यावर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळी सरली होती. आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या शेतात हळद उभी होती आणि इंजिनाचं गॅसकेट जळून राख झालेलं, त्यामुळं पाणी बंद. पानं गुंडाळायला लागली तशी मी हिंगोलीची एसटी धरली. दुकानदारानं विचारलं, "मॉडेल नवं का जुनं?" वडिलांनी निघतानाच बजावलं होतं, नवं. मी छातीठोकपणे तेच सांगितलं.

आणलेल्या गॅसकेटची भोकं बोल्टांना जुळेनात. परत गेलो तर दुकानदार वैतागला. "इंजनावरची पाटी वाचून ये की बाबा!"

इथंच पंचाईत होती. दर दसऱ्याला आई त्या पाटीवर शेंदूर थापायची. बाकी इंजिनाला हळदकुंकवाची बोटं, पाटीला मात्र मारुतीचा मान. मी विळा उचलला.

"देवाचं कपाळ खरवडतूस व्हय रे?" आई कडाडली.

"बराबर हाय तिचं," वडील म्हणाले. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही असल्या वेळी! माझं डोकं फिरलं. "मंग हळद जाऊ द्या वाळून," मी ओरडलो.

आई हळदीकडे बघत राहिली. मग रॉकेलची बाटली आणून तिनं पाटीला अभिषेक घातला. फडक्यानं पुसता पुसता अक्षरं वर आली. मॉडेल जुनंच! वडील आभाळात ढग शोधू लागले.

"तिकडं काय बघता? पाटी म्या पयल्याच दसऱ्याला वाचली व्हती."

वडिलांचा चेहरा पडला. "मंग बोलली काहून न्हाईस?"

"नवं इंजन आनलं म्हनून तुमी गावभर सांगत फिरून राहिले व्हते. लोकं बघाया यायचे. तुमाला खोटं पाडू काय? झाकली पाटी."

मला हसू येत होतं. परत हिंगोलीची एसटी धरायला मी सडकेला लागलो. शेजारच्या शेतात खुरपणी चालू होती. मागून वडिलांची हाक आली, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी.

"जुनं मॉडेल म्हन रे! जुनं! सेकंडहँड हाय म्हन!"

खुरपी थांबली, माना वर झाल्या. संध्याकाळपर्यंत हळदीला पाणी मिळालं आणि गावाला विषय.